सफ्रानबोलूचा चौक

सफ्रानबोलू नावाच्या गावात मी कधी पाऊल टाकलेलं नाही. पण तिथल्या चौकात सकाळी कुठलं दुकान आधी उघडतं, जुन्या हमामाच्या घुमटांवर ऊन कधी चढतं आणि कोपऱ्यावरचा मिठाईवाला हातात ताट घेऊन पर्यटकांच्या मागे कुठपर्यंत जातो, हे मला विचारा. मी राहतो सिडनीत, गिरावीनला. इथे समोरच्या घरात हल्ली कोण राहतं ते मला धड सांगता येणार नाही.

सफ्रानबोलू हे उत्तर तुर्कस्तानातलं जुनं व्यापारी गाव. लाकडी चौकटींची पांढरी घरं, लाल कौलं, चढउतारांच्या दगडी गल्ल्या. ही घरं त्यांनी जपून ठेवली आहेत म्हणून जगभरातून लोक ती बघायला येतात. तास-दोन तास फिरतात, फोटो काढतात, केशराची इवलीशी डबी आणि लोकुम नावाची त्यांची चिवट मिठाई घेतात आणि बसमध्ये बसून पुढच्या गावाला जातात. आमची एकुलती एक मुलगी तिथे गेली आणि परत बसमध्ये बसलीच नाही.

ती सहा वर्षांची असताना आम्ही पुण्याहून इथे आलो. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळायचा. घरी तेच काम फुकट करतो, असं माझी बायको म्हणते. मुलीने युनीत आर्किटेक्चर केलं. नव्या इमारती बांधायला शिकली आणि जुन्यांच्या प्रेमात पडली. पडायला आलेल्या घरांची लाकडं आणि मातीच्या भिंती कशा दुरुस्त करायच्या, हे शिकवणारं एक शिबिर सफ्रानबोलूला होतं, तिथे तीन महिन्यांसाठी म्हणून गेली. तीन महिन्यांचे सहा झाले. मग तिथल्या एका सुताराचं नाव वरचेवर तिच्या बोलण्यात येऊ लागलं. पुढे नाव यायचं थांबलं आणि ती नुसतंच 'आम्ही' म्हणू लागली. आम्ही एक घर दुरुस्त करतोय. आम्ही गेस्टहाउस उघडतोय. लग्न केलं का, हे आम्ही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

लोकांना वाटतं, आमचं काहीतरी मोठं भांडण झालं असणार. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बायका माझ्या बायकोकडे जरा जास्तच मऊ आवाजात मुलीची चौकशी करतात. भांडण झालं असतं तर फार बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं, मध्ये कोणाला तरी घालता येतं, माफी मागता येते, निदान रागारागाने फोन तरी बंद करता येतो. आमच्याकडे तसलं काहीच नाही. रविवारी मेसेज टाकला की बुधवार-गुरुवारी उत्तर येतं. "ऑल गुड, बाबा. बिझी सीझन." आम्ही तिकडे येतो म्हटलं की कधी छपराचं काम चालू असतं, कधी खोल्या भरलेल्या असतात, तर कधी तिथली थंडी आईला सोसायची नाही. मधे एकदा ती आली होती. दोन आठवड्यांसाठी आली आणि त्यातले निम्मे दिवस मेलबर्नला, क्लेटनच्या मैत्रिणीकडे राहिली. आमच्याकडे होती तेव्हा पोटभर जेवली, हसली, भांडी डिशवॉशरला लावली, आईला थँक्यू म्हणाली. आपल्याच घरात थँक्यू म्हणणाऱ्या मुलीशी भांडणार तरी कसं? विमानतळावर बायको रडली आणि मी पार्किंगच्या मशीनवर ओरडलो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. शाळेत असताना आम्ही तिला नजरेआड होऊ दिलं नाही. तिच्या खोलीला आतून कडी नव्हती, कारण आपल्या घरांत मुलांच्या खोलीला कडी लावायची पद्धतच नाही. ती ट्रेनमधून उतरली की स्टेशनवर कुठली ना कुठली काकू असायची आणि ती लगेच माझ्या बायकोला कळवायची. फोन घेऊन दिला तोसुद्धा ती कुठे आहे ते दाखवणारं ॲप आधी टाकून मग दिला. एकदा, सोळाची असेल, मला म्हणाली, "बाबा, यू आर ऑलवेज वॉचिंग मी." मी म्हटलं, "मग कोणाला बघू? शेजाऱ्याच्या मुलीला?" परक्या देशात एकुलतं मूल वाढवणाऱ्या माणसाने काय डोळे मिटून बसायचं? मला ते तेव्हा बरोबर वाटत होतं आणि आजही वाटतं. तिला वाटलं नाही.

कॅमेरा सापडला तो बायकोला. तिच्या फोनवर पुण्याचं, गिरावीनचं आणि सफ्रानबोलूचं अशी तीन हवामानं असतात. एका मार्चच्या सुरुवातीला तिकडे बर्फ दाखवत होतं. बर्फ म्हणजे किती, पोरगी बाहेर पडते कशी, हे बघायला ती फोनवर काय काय दाबत गेली आणि एकदम त्या गावाचा चौक उघडला. पर्यटकांच्या गावांत असे कॅमेरे लावून ठेवतात, लोकांनी घरबसल्या गाव बघावं आणि मग तिकीट काढावं म्हणून. हा कुठेतरी उंचावर बसवलेला, आवाज नसलेला, चोवीस तास चालू. खाली दगडी चौक, एका बाजूला मशिदीची भिंत, दुसरीकडे हमामाचे घुमट, मागे टेकडीवर चढत गेलेली घरं. माणसं करंगळीएवढी. मी ते टीव्हीवर लावलं. बाहेर आमच्या अंगणात ऊन मी म्हणत होतं आणि आम्ही दोघं पंख्याखाली चहा घेत तुर्कस्तानातला बर्फ बघत बसलो.

तेवढ्यात डावीकडच्या गल्लीतून हिरवा कोट घातलेली एक बाई आली.

चेहरा दिसण्यासारखा नव्हताच. पण बायकोने कप खाली ठेवला आणि "अहो," म्हणाली. चालीवरून तिने ओळखलं होतं. उजवा पाय किंचित आत टाकत चालायचं हे आमच्या घराण्यातलं आहे. माझी आई तशी चालायची, मी तसा चालतो. ती बाई चौक ओलांडून बेकरीत शिरली, कागदात गुंडाळलेले पाव काखेत घेऊन बाहेर आली, मशिदीच्या भिंतीपाशी बसलेल्या एका पिवळ्या कुत्र्याला तिने वाकून तुकडा घातला आणि आल्या वाटेने गेली. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. मी वळून बघितलं तर बायको उठून टीव्हीजवळ गेली होती. ती बाई जिथून दिसेनाशी झाली, तिथे काचेवर तिने हात ठेवला होता.

त्या दिवसापासून आमचा चहा तुर्कस्तानच्या घड्याळावर चालायला लागला. तिकडे सकाळ, तेव्हा इकडे दुपार टळलेली. मुलगी पाव आणायला निघते तेव्हा आमच्याकडे साडेचार. हिवाळ्यात आपली घड्याळं मागे जातात, त्यांची जात नाहीत, मग साडेतीन. बायको चाइल्डकेअरमध्ये आहे. तिने सकाळची शिफ्ट मागून घेतली, कारण काय दिलं कोण जाणे. माझं तोपर्यंत काम सुटलेलं होतं, 'टीम रीस्ट्रक्चर' झाली होती, त्यामुळे मी घरीच. आधी मी टीव्ही लावून ठेवायचो आणि आलं किसायला घ्यायचो. बायको दारातून आत येता येता विचारायची, "आली का?"

खरं सांगतो, इतक्या वर्षांत मुलीबद्दल आम्ही एवढं कधीच बोललो नव्हतो. आज उशीर झाला, रात्री पाहुणे असणार. आज दोन पाव जास्त घेतले, खोल्या भरल्या वाटतं. आज कोटाची बटणं लावली नाहीत. आज मिठाईवाल्याशी हसली बघ. "तुम्हाला इथून हसणं दिसलं?" बायको विचारायची. "खांदे हलले ना," मी सांगायचो. ती दिसली नाही त्या दिवशी बायको भाजी चिरताना गप्प असायची आणि दुसऱ्या दिवशी दिसली की देवापुढे साखर ठेवायची. मी हसायचो तिला. हसायचो आणि ती साखर मीच खायचो. पोरगी लहान असताना ऑफिसातून घरी येऊन तिला झोपलेली बघायचो, त्यापेक्षा ही भेट बरी होती. निदान ती जागी असायची.

हे तिला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. दोघांनाही कारण माहीत होतं. आपल्याला रोज कोणी बघतंय, आणि ते आपले आईबाप आहेत, हे कळलं तर ती त्या चौकात पुन्हा दिसणार नाही. आणि तो चौक सोडला तर आमच्याकडे तिचं दुसरं काहीच नव्हतं. बुधवारचा मेसेज आहे म्हणा. तो काय, बँकेकडूनही येतो.

एकदा फोनवर बायकोची जीभ घसरली. "डोक्याला काही तरी बांधत जा गं थंडीची," म्हणाली. मुलीने विचारलं, "हाउ डू यू नो आय डोंट?" बायकोचा चेहरा पांढराफटक. मी फोन हिसकावला आणि म्हटलं, "तू लहानपणापासून कधी बांधलंस?" ती हसली. वाचलो. त्या संध्याकाळी मी बायकोवर इतका चिडलो की आम्ही दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. साडेचारला शेजारी शेजारी बसून टीव्ही मात्र बघितला.

असं दीड वर्ष गेलं असेल. मग इथलंच, केलीव्हिल उपनगरातलं एक जोडपं तुर्कस्तानला निघालं.

आमच्या मंडळातली ही माणसं. स्वभावाने मोकळी, आवाजाने मोठी, कोणाच्याही अडीनडीला धावणारी. पुण्याच्या एका टूर कंपनीच्या ग्रुपला ती दोघं परस्पर इस्तंबूलला जाऊन मिळणार होती. सकाळी पोहे, दुपारी वरणभात, सगळी मराठी माणसं, तुर्कस्तान फक्त खिडकीबाहेर. बस पुढे जाता जाता जेवायला सफ्रानबोलूला थांबणार होती. हे कळल्यावर बायको एकदम कामाला लागली. आपल्यात कोणीही कुठेही निघालं की त्याच्या बॅगेत दुसऱ्यांच्या पिशव्या जातात. पुण्याहून इकडे येणाऱ्याच्या सामानात अर्ध्या सिडनीचा मसाला असतो. नाही म्हणायची पद्धत नाही, आणि न देण्याचीही नाही. एवढं माणूस मुलीच्या गावी चाललंय आणि रिकाम्या हाताने गेलं, असं बायकोच्या हातून होणं शक्यच नव्हतं. बेसनाचे लाडू, गोडा मसाला, मेतकूट, आणि लिंबाचं लोणचं. लोणच्याला तीन पिशव्या.

मी मुलीला मेसेज टाकला. उत्तर बुधवारची वाट न बघता तासाभरात आलं. "शुअर, बाबा. व्हॉट टाइम?" बायकोने तो मेसेज माझ्या फोनवरून स्वतःला पाठवून घेतला. भेटायची जागा चौकातली, मशिदीच्या भिंतीपाशी. ती जागा बायकोने सुचवली होती. का, ते मी विचारलं नाही.

केलीव्हिलची मंडळी पिशवी न्यायला येणार होती शनिवारी सकाळी. आली शुक्रवारी दुपारी, न कळवता, "इकडूनच चाललो होतो, म्हटलं घेऊन टाकू." आपली माणसं. दार उघडंच होतं. ती दोघं थेट दिवाणखान्यात आली तेव्हा टीव्हीवर चौक होता आणि मुलगी बेकरीतून बाहेर पडत होती. मी रिमोट शोधायला लागलो. तो नेहमीसारखा सोफ्याच्या फटीत.

"अरे, हे काय लावलंयस?" त्या गृहस्थाने विचारलं. "हे तेच गाव का? लाइव्ह आहे?"

मी काहीतरी थातुरमातुर सांगणार होतो. पण बायकोने सगळं सांगून टाकलं. बर्फापासून सगळं. तो पाय कसा आत पडतो, तो कुत्रा, ते जास्तीचे पाव. दीड वर्ष तिने हे कोणाजवळही बोललेलं नव्हतं आणि समोर आपली माणसं बसली होती, तिच्या हातचा चहा पीत. तिचा चेहरा इतका फुललेला मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. मी तिला थांबवू शकलो असतो. थांबवावंसं वाटलं नाही. केलीव्हिलच्या वहिनींनी डोळे पुसले. "किती गोड हो," म्हणाल्या.

निघताना गाडीपाशी मी त्या गृहस्थाला म्हटलं, "हे तिच्यापाशी मात्र काढू नकोस हं. अजिबात."

"नो वरीज रे," तो म्हणाला. "एवढं कळत नाही का आम्हाला?"

ग्रुप सफ्रानबोलूला पोहोचायचा होता तो तिकडच्या दुपारी, म्हणजे आमच्याकडे रात्रीच्या जेवणाच्या वेळेला. त्या दिवशी बायकोने साडी नेसली. टीव्ही बघायला. मी तिला काही बोललो नाही, कारण मीही दाढी केली होती. आम्ही खुर्च्या पुढे ओढून बसलो. आधी एका गाइडचा झेंडा दिसला, मग त्याच्या मागून एकसारख्या केशरी टोप्या घातलेली तीस-चाळीस माणसं चौकात पसरली. मिठाईवाला ताट घेऊन धावला. बायका ताटावर वाकल्या. आवाज येत नव्हता तरी मला सगळा ऐकू येत होता. केलीव्हिलची जोडी भिंतीपाशी येऊन उभी राहिली, वहिनींच्या हातात आमची निळी पिशवी.

मुलगी डावीकडच्या गल्लीतून आली. अंगात पांढरा शर्ट, केस वर बांधलेले. वहिनींनी तिला जवळ घेतलं. ती वाकून त्यांच्या पाया पडली. बायकोने माझा हात धरला. "पाया पडली," म्हणाली. "विसरली नाही." पिशवी या हातातून त्या हातात गेली. मुलीनेही त्यांना काहीतरी दिलं, एक चौकोनी डबा. तिघं बोलत होती. ती हसली असावी, खांदे हलले. मला वाटलं, झालं, आता निरोप घेतील. सगळं नीट पार पडलं.

मग त्या गृहस्थाने हात वर केला आणि कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

तो आमच्याकडे बघून हात हलवू लागला. वहिनीही हलवू लागल्या. आजूबाजूच्या केशरी टोप्यांना काय चाललंय ते कळलं असावं, कोणीतरी सांगितलं असणार, कारण बघता बघता अख्खा ग्रुप वर बघून हात हलवायला लागला. लोकुम खाता खाता. चाळीस मराठी माणसं, आमच्या मुलीच्या गावात, तिच्या आईबापांना टाटा करत होती. शेजारी बायकोही हात हलवत होती, तिला भानच नव्हतं. मुलीने वर पाहिलं. दीड वर्षात पहिल्यांदा तिचा चेहरा आमच्याकडे वळला. अंगठ्याच्या नखाएवढा असेल, डोळे-नाक काही कळत नव्हतं. ती तशीच बघत राहिली. हात हलवला नाही. मग तिने वळून बेकरीकडे पाहिलं, भिंतीपाशी कुत्रा बसायचा तिकडे पाहिलं, आपण रोज जातो ती वाट सबंध नजरेखालून घातली. एवढ्या लांबून मला हे कसं कळलं असं कोणी म्हणेल. माझी मुलगी आहे ती. मला कळलं.

तिने पिशवी उचलली, दोघांना नमस्कार केला आणि गल्लीत गेली. नेहमीपेक्षा जोरात चालली.

मध्यरात्रीनंतर वहिनींचा हॉटेलवरून फोन आला. "काय गुणी मुलगी हो! मला राहवलंच नाही. म्हटलं, बाळा, आईबाबा तुला रोज इथून बघतात, हात कर त्यांना. डोळ्यांत पाणी आलं बिचारीच्या." मी थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार? माणसं वाईट नाहीत. लाडूची पिशवी त्यांनी न सांडता, न चेपता तुर्कस्तानपर्यंत नेली होती. आमचं जे होतं ते त्यांनी मोडलं आणि ते त्यांना कधीच कळणार नाही. परत आल्यावर मुलीने दिलेला डबाही आणून दिला. लोकुमचा, दुकानातला, पर्यटकांना देतात तसा.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी गल्लीतून एक उंच माणूस आला, डोक्यावर लोकरीची टोपी, पायात कामाचे बूट. चौक ओलांडून बेकरीत गेला आणि तसेच कागदात गुंडाळलेले पाव घेऊन परत निघाला. पिवळा कुत्रा उठून त्याच्या मागे थोडा गेला, मग परत येऊन भिंतीपाशी बसला. "हाच तो," बायको म्हणाली. आमचा जावई, किंवा जो कोणी असेल तो, आम्ही पहिल्यांदा असा पाहिला. चालायला बरा होता. त्यानंतर रोज तोच आला.

रविवारी मुलीचा फोन आला. स्वतःहून.  मी मनाची तयारी केली होती. ओरडेल, रडेल, लहानपणापासूनचं सगळं काढेल. काढू दे. मीही दोन शब्द बोलेन, ती दोन बोलेल आणि कुठेतरी पोहोचू. ती म्हणाली, "लाडू मस्त होते, बाबा. आईला सांग. लोणचं पण." थंडी पडायला लागलीय म्हणाली. छपराचं काम संपलं म्हणाली. कॅमेऱ्याचा शब्द नाही. मीही काढला नाही. सगळं इतकं छान चाललं होतं की मला फोन भिंतीवर फेकावासा वाटला.

आम्ही बघत राहिलो, महिनाभर तरी. माणूस यायचा, पाव घ्यायचा, जायचा. हळूहळू बायको टीव्हीकडे कमी आणि कपाकडे जास्त बघायला लागली. एक दिवस म्हणाली, "तिला सकाळचं बाहेर पडायला आवडायचं हो. तो मिठाईवाला, तो कुत्रा. आपल्यामुळे घरात बसलीय पोरगी." मी म्हटलं, "तिची मर्जी." "मर्जी कसली? तिने ते गाव शोधलं, तिथे राहिली, आणि तिथेही आपण पोहोचलो." बायको माझ्यावर सहसा आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. "बंद करा ते. तिचा चौक तिला परत द्या."

मी टीव्ही बंद केला. फोनमधून, टीव्हीतून, सगळीकडून ते काढून टाकलं. पण बंद करून होतं काय? आम्ही बघत नाही, हे तिला कळणार कसं? कॅमेरा तिथेच वर बसलेला आहे. आमचे डोळे त्यात आहेत की नाहीत, हे खाली उभं राहून दिसत नाही. तिला ते सांगायलाच हवं होतं, आणि सांगायचं म्हणजे ज्याबद्दल कोणीच काही बोलत नाही ते बोलायचं. दोन रविवार मी नुसताच हवापाण्याबद्दल बोललो. तिसऱ्या रविवारी एकदाचं तोंड उघडलं. "आणि हे बघ," मी म्हटलं, "ते चौकातलं, कॅमेऱ्याचं. आम्ही आता बघत नाही. बंद केलंय. काढूनच टाकलंय."

पलीकडे ती भांडी विसळत असावी. तो आवाज थांबला. मी खुर्चीत सरसावून बसलो.

"ओके, बाबा," ती म्हणाली. "नो वरीज."

भांड्यांचा आवाज परत सुरू झाला. मग आईला विचारलंय म्हणून सांग, गेस्ट आलेत, बाय.

बायको दारात उभी होती. काय म्हणाली ते मी तिला सांगितलं. "विश्वास बसला का तिचा?" तिने विचारलं. "बसला असेल," मी म्हटलं. तिच्या जागी मी असतो तर माझा बसला नसता. हे मी बायकोला बोललो नाही, पण इतक्या वर्षांच्या संसारात न बोललेलंही ऐकू जातं.

आम्ही खरंच बघत नाही. चहा त्याच वेळेला होतो, कारण सवय. मुलीचे मेसेज येतात, बुधवारचे. पाव आणायला आता कोण जातं, हे तिला विचारायची सोय नाही. ते विचारणं म्हणजे पुन्हा बघणंच.

परवा बायको चहा घेता घेता म्हणाली, "एकदाच लावू या का हो? एकदाच. ती चौकात दिसली की लगेच बंद करू. तिने आपल्यावर विश्वास ठेवला एवढं कळलं की मला पुरे."

"आणि दिसली नाही तर?" मी विचारलं.

ती उठली. मग दोन्ही कप उचलून आत गेली.